फीनिक्सच्या उन्हात १९७० ची शेवेल: टर्बो ४०० ला जादा ऑइल कूलर बसवताना

गाडी १९७० ची शेव्हरोले शेवेल एसएस ३९६. गिअरबॉक्स ऑटोमॅटिक, टर्बो-हायड्रामॅटिक ४००, म्हणजेच टर्बो ४००. मुक्काम ॲरिझोनातल्या फीनिक्समध्ये, जिथे २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सियस किंवा त्याच्याही वर गेलं होतं. तक्रार अशी: शहरात सिग्नलवर थांबत थांबत अर्धा-पाऊण तास गाडी चालली की ट्रान्समिशनच्या तेलाचा काटा २४० अंश फॅरनहाइटवर जातो, गिअर उशिरा आणि ढिले पडायला लागतात, आणि पार्कमधून ड्राइव्हमध्ये टाकल्यावर गाडी क्षणभर विचार करून मग धक्का देते. जादा कूलर आधीच्या मालकाने बसवलेला आहे. आताच्या मालकाचं म्हणणं साधं आहे: याहून मोठा कूलर बसवा.

इथली गाडी एकाच नंबरप्लेटची नाही. या मॉडेलवर, या हवामानात जे दोष वरचेवर एकत्र सापडतात ते एका गाडीवर मांडले आहेत. मांडणी अशी: मूळच्या जागी सुमारे २८०० फेऱ्यांचा स्टॉल (गाडी अडवून धरली तर इंजिन मिनिटाला जेवढ्या फेऱ्यांपर्यंत चढू शकतं तो आकडा) असलेला टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग), मागच्या ॲक्सलला ३.३१ चं प्रमाण (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ३.३१ फेऱ्या), १४ इंची चाकं, एक्झॉस्टला हेडर (इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या, खूप तापणाऱ्या नळ्या), आणि चालू एसी. जाता जाता एक गोष्ट: १९७० च्या एसएस ३९६ मधलं इंजिन प्रत्यक्षात ४०२ घनइंचांचं असतं. बोअर वाढवला, पण नाव ३९६ च ठेवलं. सुटे भाग मागवताना हा घोळ नेहमी होतो. आपल्या कामात मात्र त्याने काही अडत नाही.

उष्णता येते कुठून

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधली बहुतेक उष्णता टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तयार होते. इंजिनकडचा पंखा तेल फेकतो, गिअरबॉक्सकडचा ते झेलतो. दोघांच्या वेगात जितका फरक तितकी ताकद तेल घुसळण्यात जाते आणि तिची उष्णता होते. टर्बो ४०० मध्ये लॉकअप क्लच (हे दोन्ही पंखे एकत्र जखडणारा क्लच) नाही, त्यामुळे महामार्गावरही थोडी घसरण चालूच राहते. जास्त स्टॉलचा कन्व्हर्टर टाकला की ती आणखी वाढते. सुमारे २६ इंच उंचीच्या टायरवर, ३.३१ च्या ॲक्सलला आणि ताशी ६० मैलांना इंजिन जेमतेम २५०० फेऱ्यांवर असतं. हलक्या पायाने सपाट रस्त्यावर ते चालून जातं. चढावर पाय दाबला की मात्र कन्व्हर्टर त्याच्या स्टॉलच्या जवळ काम करतो आणि तेल झपाट्याने तापतं. गाडीला ३.७३ किंवा ४.१० चा ॲक्सल असता तर हाच कन्व्हर्टर बराच कमी तापला असता. जास्त स्टॉलचा कन्व्हर्टर आणि कमी प्रमाणाचा ॲक्सल ही जोडी तेलाला महागात पडते.

तेल किती तापलेलं चालतं? या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या वापरला जाणारा ठोकताळा असा: १७५ अंश फॅरनहाइटला, म्हणजे ८० सेल्सियसला तेल सुमारे एक लाख मैल टिकतं, आणि पुढे दर २० अंश फॅरनहाइटला त्याचं आयुष्य निम्मं होतं. २४० च्या आसपास आतल्या भागांवर वार्निशसारखा तपकिरी थर धरतो, २६० ला रबरी सील कडक होतात, २९५ ला क्लच प्लेटा घसरून जळायला लागतात. हे आकडे तंतोतंत नाहीत, आजची तेलं त्या काळच्या तेलांपेक्षा बरीच टिकाऊ आहेत. पण दिशा बरोबर आहे, आणि फीनिक्समध्ये रोज २४० म्हणजे गिअरबॉक्स हळूहळू शिजतो आहे.

आधी काय तपासलं

कूलर हे उष्णता बाहेर टाकायचं साधन आहे. जादा उष्णता बनते आहे का, हे आधी पाहायला हवं, नाहीतर नव्या कूलरखाली जुना दोष झाकला जातो.

पहिली गोष्ट तेलाची पातळी. टर्बो ४०० ची पातळी गरम तेलावर, इंजिन चालू ठेवून, पार्कमध्ये, सपाट जमिनीवर बघायची. ज्यांनी आयुष्यभर क्रायस्लरच्या गाड्या सांभाळल्या ते सवयीने न्यूट्रलमध्ये बघतात. त्यांच्या टॉर्कफ्लाइट गिअरबॉक्सला तेच बरोबर, इथे पार्क. पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो, तेलाला फेस येतो, आणि फेसाळलेलं तेल ना नीट दाब देतं ना नीट गार होतं.

मग डिपस्टिकवरचा एक थेंब पांढऱ्या टिपकागदावर टाकून दहा मिनिटं ठेवला. चांगलं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) गुलाबी पसरतं आणि कडा एकसारखी विरत जाते. इथे मध्यभागी बोराएवढा गडद तपकिरी ठिपका राहिला आणि त्याच्याभोवती फिकट वर्तुळ उमटलं. वास किंचित करपलेला. चकाकणारा कण एकही नाही. हा निकाल दिलासा देणारा होता: तेलाचं आयुष्य संपलं आहे, क्लच अजून धड आहेत. त्या ठिपक्यात काळी पूड किंवा धातूची चमक दिसली असती तर पुढचं काम कूलरचं राहिलं नसतं, गिअरबॉक्स खाली उतरवावा लागला असता.

तिसरी गोष्ट व्हॅक्यूम मॉड्युलेटर. गिअरबॉक्सच्या उजव्या अंगाला डबीसारखा हा भाग असतो आणि इंजिनच्या व्हॅक्यूमवर तेलाचा दाब ठरवतो. नळी काढून आत तेल आहे का पाहायचं. तेल असेल तर पडदा फाटला आहे, इंजिन एटीएफ पीत आहे आणि पातळी सारखी का उतरते याचं उत्तर तिथेच आहे. नळीला चीर गेली असेल तर उलटा परिणाम: दाब चढलेला राहतो, गिअर उशिरा आणि दणका देत पडतात. इथे नळी कोरडी आणि धड होती.

चौथी गोष्ट तेलाचा प्रवाह. परतीची नळी काढून मोजपात्रात सोडली, न्यूट्रलमध्ये इंजिन मंद चालवलं. वीस सेकंदांत एक क्वार्ट, म्हणजे साधारण ९५० मिलिलीटर तेल यायला हवं. तेवढं आलं. या मोजणीचं महत्त्व फार आहे, कारण टर्बो ४०० मध्ये कूलरमधून परतणारं तेल थेट आतल्या भागांना वंगण म्हणून जातं. कूलर किंवा नळी तुंबली तर तेल तापतंच, शिवाय बुश आणि गिअर कोरडे पडतात. मोठ्या कूलरच्या नादात बारीक नळीचा, जास्त अडथळ्याचा कूलर लावून गिअरबॉक्स खराब केल्याची उदाहरणं कमी नाहीत.

खरा दोष दोन ठिकाणी सापडला. एक, आधीच्या मालकाने रेडिएटरमधला मूळ कूलर पूर्णपणे वगळला होता. दोन्ही नळ्या थेट समोरच्या लहानशा, एकाच नळीला पत्र्याच्या पंखाट्या जोडलेल्या कूलरला दिल्या होत्या. दोन, पंख्याभोवतीचं श्राउड, म्हणजे हवा रेडिएटरमधूनच ओढली जावी म्हणून लावतात ते वेष्टण, नव्हतं. पंखा फिरत होता, पण रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी इंजिनच्याच बाजूची गरम हवा घुसळत होता.

रेडिएटर का वगळतात त्यामागे एक रास्त भीती आहे. रेडिएटरच्या टाकीत बुडवलेला कूलर आतून फुटला तर कूलंट तेलात जातं, तेल स्ट्रॉबेरीच्या मिल्कशेकसारखं गुलाबी-दुधट होतं आणि ग्लायकॉलने क्लच प्लेटांवरचं अस्तर सुटतं. पण त्या भीतीपोटी तो काढून टाकला की थांबलेल्या गाडीत तेल गार करणारं काहीच उरत नाही. हवा उष्णता वाहून नेण्यात पाण्याच्या जवळपासही नाही. सिग्नलवर उभ्या गाडीत हवेचा कूलर जेवढं पंखा ओढेल तेवढ्यावर जगतो, आणि इथे पंखाच नीट ओढत नव्हता. गाडी उभी असताना रेडिएटर काम करतो, धावत असताना समोरचा कूलर. फीनिक्समध्ये दोन्ही हवेत. कूलर केवढा मोठा, हा प्रश्न त्यानंतरचा.

जुना आतला कूलर धड आहे की नाही हे तपासणं सोपं आहे. रेडिएटर भरलेला, झाकण उघडं, कूलरचं एक टोक बूच लावून बंद, दुसऱ्या टोकातून ३० ते ४० पीएसआय हवा. दहा मिनिटांत झाकणाच्या तोंडाशी बुडबुडे आले नाहीत तर कूलर ठीक. आले तर आधी रेडिएटर.

काय काय लागलं

प्लेट-फिन प्रकारचा, साधारण ११ बाय ८ इंचांचा, दीड इंच जाडीचा एक कूलर. पाउण इंची पातळ नळी-फिन कूलर स्वस्त मिळतो, पण तेवढ्याच जागेत तो निम्मंही काम करत नाही. ११/३२ इंची ट्रान्समिशन ऑइल कूलर होज ६ फूट. होजवर एसएई जे१५३२ (या प्रकारच्या होजचा मानक क्रमांक) छापलेलं असावं. इंधनाचा होज अजिबात नको. तो दिसायला तसाच असतो, पण तापलेल्या एटीएफमध्ये वर्ष-दीड वर्षात आतून मऊ पडतो किंवा कडक होऊन चिरतो. गोल कडांचे, आतून सपाट पट्टीचे क्लॅम्प ४. खाचा पाडलेल्या पट्टीचे साधे क्लॅम्प होजमध्ये रुततात. रेडिएटरच्या फिटिंगला जोडायला ५/१६ नळीच्या मापाचे, अर्धा इंची, इंचाला २० आट्यांचे दोन फ्लेअर ॲडॅप्टर: एक नर, एक मादी, दोघांच्या दुसऱ्या टोकाला होजसाठी कडा काढलेली. एक इंची ॲल्युमिनियमचा अँगल ३ फूट, पाव इंची बोल्ट ८, रबरी वॉशर १६, रबरी ग्रोमेट २. मूळ मापाचं श्राउड. नवा फिल्टर, त्याच्या नळीची नवी ओ-रिंग आणि पॅनचं गास्केट. एटीएफ १४ क्वार्ट.

फिटिंगच्या बाबतीत एक गोष्ट ठासून सांगायला हवी. गिअरबॉक्सच्या ॲल्युमिनियम केसमधले आटे सरळ पाइपचे असतात. त्यात निमुळता पाइप फिटिंग पिळला की तो जितका आवळाल तितका पाचरीसारखा घुसतो आणि केस तडकते. शक्य असेल तर त्या फिटिंगला हातच लावू नये. आपलं सगळं काम रेडिएटरच्या टोकाला होतं, तिथे लावायची गरजही पडत नाही.

बसवणी

तेलाचा मार्ग ठरवताना क्रम असा: गिअरबॉक्समधून गरम तेल आधी रेडिएटरच्या टाकीत, तिथून समोरच्या कूलरमध्ये, तिथून परत गिअरबॉक्सला. उलटा क्रम लावला तर हवेने गार झालेलं तेल पुन्हा १९० अंशांच्या कूलंटमध्ये जाऊन तापतं. टर्बो ४०० च्या उजव्या बाजूला दोन फिटिंग असतात. खालचं तेल बाहेर सोडतं, वरचं परत घेतं. तरी ५०-५५ वर्षांत नळ्या कोणी कशा जोडल्या असतील याचा भरवसा नाही. म्हणून एक टोक सोडून, त्याला होज लावून भांड्यात धरायचा आणि इंजिन दोन-तीन सेकंद चालवायचं. ज्या टोकातून तेल येईल ती जाणारी नळी.

इंजिन पूर्ण थंड, बॅटरी सुटी, चाकांना अडसर, पुढची बाजू घोडीवर. जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणी जाऊ नये. जुना कूलर रेडिएटरच्या जाळीतून आरपार ओवलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर लटकत होता. ही बसवणी सोपी म्हणून बरेच जण करतात, आणि पितळ-तांब्याच्या जुन्या रेडिएटरसाठी ती घातक आहे. गाडी थरथरते, पट्टी नळीवर घासते, मऊ धातूला दोन-तीन वर्षांत भोक पडतं. इथे पट्टी काढल्यावर एका नळीवर नखाएवढा चकचकीत पट्टा दिसला. भोक पडायला थोडंच बाकी होतं.

नवा कूलर अँगलच्या दोन पट्ट्यांवर बसवला. पट्ट्या रेडिएटर सपोर्टच्या आणि मधल्या बॉनेट-कुलपाच्या उभ्या पट्टीच्या मूळ भोकांमध्येच धरल्या. नवीन भोक एकही पाडलं नाही. मूळ एसएस गाडीची किंमत अशा भोकांनी कमी होते, आणि हे सगळं काढून गाडी पुन्हा जशी होती तशी करता यायला हवी. प्रत्येक बोल्टला दोन्हीकडे रबरी वॉशर. एसीच्या कंडेन्सरपासून अर्धा इंच अंतर: चिकटवलं तर थरथरीने घासतं, जास्त पुढे घेतलं तर हवा बाजूने निसटते. कूलरची तोंडं बाजूला वळवली. खाली वळवली तर वरच्या भागात हवा अडकून राहते.

जुना कूलर निघाल्यावर जाणारी नळी पुन्हा रेडिएटरला जोडली. रेडिएटरवरचा कोणताही नट सोडताना-आवळताना दोन पाने लागतात. एक फ्लेअर नट पाना नटावर, दुसरा टाकीतून बाहेर आलेल्या फिटिंगवर धरून. फिटिंग नटाबरोबर फिरलं तर टाकीच्या आतला डाख सुटतो आणि एका झटक्यात नवा रेडिएटर घ्यावा लागतो. कामातली सर्वांत महाग चूक हीच, आणि होते फक्त दुसरा पाना न धरल्याने. नट गंजलेला असेल तर आदल्या दिवशी भेदक तेल मारून ठेवावं.

नर ॲडॅप्टर रेडिएटरच्या दुसऱ्या तोंडात, मादी ॲडॅप्टर मोकळ्या झालेल्या परतीच्या धातूच्या नळीवर. मूळ नळी कापावी लागली नाही. जिथे कापावीच लागते तिथे गुळगुळीत टोकावर होज चढवून क्लॅम्प आवळणं पुरेसं नाही, दाबाने तो घसरून निघतो. फ्लेअरिंग टूलने टोकाला फुगीर कडा काढायची आणि क्लॅम्प कडेच्या मागे बसवायचा. होज नळीवर किमान एक इंच चढलेला हवा.

होज रेडिएटर सपोर्टमधून जातो तिथे ग्रोमेट. पंख्याच्या पात्यांपासून आणि पट्ट्यांपासून लांब, हेडरपासून किमान तीन इंच. या गाडीत धातूच्या दोन्ही नळ्या उजव्या हेडरच्या जवळून जात होत्या. त्या दोन इंच खाली वाकवून घेतल्या आणि मध्ये पत्र्याची ढाल लावली. कूलरने काढलेली उष्णता परतीच्या वाटेवर हेडरने पुन्हा देण्यात अर्थ नाही.

श्राउड बसवताना पंख्याची पाती निम्मी आत, निम्मी बाहेर राहायला हवीत. पूर्ण आत गेलेला पंखा हवा फेकू शकत नाही, पूर्ण बाहेरचा ओढू शकत नाही.

तेल

मूळ पॅनला निचऱ्याचा बोल्ट नसतो. १३ बोल्टपैकी मागचे सोडून, पुढचे ढिले ठेवून पॅन तिरका करत तेल काढायचं. साडेतीन ते चार लिटर निघतं, उरलेलं बहुतांश कन्व्हर्टरमध्ये राहतं. फिल्टरच्या नळीवरची ओ-रिंग आधी तेलात भिजवून घालावी. कोरडी घातली की दुमडते किंवा कापली जाते, मग पंप हवा ओढतो आणि नव्या तेलातही जुनीच लक्षणं दिसतात. पॅनचे बोल्ट १२ फूट-पौंड, आडवेतिडवे, दोन फेऱ्यांत. जास्त आवळलं की पॅनची कड वाकते आणि कायमची गळती लागते. पॅनमध्ये तापमानाच्या सेन्सरसाठी १/८ इंची बॉस (सेन्सर पिळून बसवायची धातूची बैठक) वेल्ड करून घ्यायचा असेल तर हीच वेळ.

चार लिटर भरून परतीचा होज भांड्यात सोडला, इंजिन चालवून दोन क्वार्ट बाहेर जाऊ दिले, बंद केलं, दोन क्वार्ट भरले. असं चार वेळा केल्यावर भांड्यात लाल, स्वच्छ तेल आलं. एका दमात सगळं काढायला जाऊ नये, पंप कोरडा पडतो. जुना कूलर धुऊन परत वापरायचा विचारही नको, विशेषतः गिअरबॉक्स आधी कधी जळला असेल तर. आतल्या गल्ल्यांत अडकलेली पूड कितीही धुतली तरी पुढे कधीतरी सुटते.

नवा कूलर आणि होज मिळून अर्धा ते पाऊण लिटर तेल जास्त मावतं. आधी अर्धा लिटर टाकावं, मग गरम करून पातळी बघावी. डिपस्टिकवर ॲड आणि फुल या खुणांमध्ये एक पाइंट, म्हणजे जेमतेम अर्धा लिटर फरक असतो. जास्त भरलं तर फिरते भाग तेल घुसळून फेस करतात आणि ते ब्रीदरमधून (गिअरबॉक्सची हवा सोडणाऱ्या तोंडातून) बाहेर येतं. पाहणाऱ्याला वाटतं की कूलर गळतो आहे.

तपासणी

पंधरा मिनिटं उभ्या गाडीत इंजिन चालवून प्रत्येक जोडाला कोरडा पांढरा कागद लावला. मग सर्व गिअर एकेकदा पाडून पुन्हा. डोळ्याला न दिसणारा ओलावा कागद दाखवतो. प्रवाह परत मोजला: नवा कूलर जोडल्यानंतरही वीस सेकंदांत एक क्वार्ट आलं. आलं नसतं तर होज कुठे दुमडला आहे ते पाहून मगच गाडी बाहेर काढायची.

रस्त्यावरची कसोटी दोन प्रकारची हवी. दुपारच्या गर्दीत पाऊण तास. इथे रेडिएटर आणि श्राउड यांची परीक्षा. दुसरी आंतरराज्य महामार्ग १७ वर उत्तरेला, ब्लॅक कॅनियन सिटीनंतरचा लांब चढ. इथे कन्व्हर्टरची आणि समोरच्या कूलरची. अशा मांडणीत पॅनमधल्या तेलाचा काटा गर्दीत १९० ते २०० वर थांबावा. चढावर २१५-२२० पर्यंत जावा आणि माथ्यावर पोचल्यावर काही मिनिटांत उतरायला लागावा. किती चढला यापेक्षा उतरतो का, हे जास्त बोलकं. चढ संपूनही काटा तसाच राहिला तर तेल फिरत नाही किंवा हवा मिळत नाही. सेन्सर गिअरबॉक्समधून बाहेर जाणाऱ्या नळीत असेल तर चढावर ५०-६० अंश जास्तही दिसू शकतं. ते कन्व्हर्टरमधून नुकतंच निघालेलं तेल आहे, घाबरून गाडी थांबवायची गरज नाही.

याच रस्त्याने पुढे फ्लॅगस्टाफ लागतं, सुमारे २१०० मीटर उंचीवर, हिवाळ्यात बर्फाचं. गाडी तिथे राहणार असती तर कूलरला तापमानावर उघडणारा बायपास व्हॉल्व्ह लावला असता. फार गार राहिलेल्या घट्ट तेलातला ओलावा उडत नाही आणि गिअर जड पडतात. फीनिक्सला तेल आधी रेडिएटरमधून जातं तेवढं पुरतं.

१०० मैलांनंतर चारही क्लॅम्प पुन्हा आवळले, कारण नवा होज उष्णतेने थोडा बसतो. ५०० मैलांनंतर पातळी आणि टिपकागद. होज दर चार वर्षांनी बदलायचे, दिसायला चांगले असले तरी. आणि कूलरच्या जाळीत अडकणारे किडे व वाळू दर उन्हाळ्याच्या तोंडावर मागून पुढे, कमी दाबाच्या पाण्याने धुऊन काढायचे. प्रेशर वॉशरने पंखाट्या आडव्या पडतात.